एक द्या, दहा उघडा

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

मायना आज आखूडच. फार रागात आहे. फोन केला नाही, कारण तुझा फोन बैठकीच्या खोलीत चार माणसांच्या देखत वाजतो आणि तू 'हो, बरं, ठीक' याच्या पुढं बोलत नाहीस. तू लग्न होऊन गेल्यापासून आपलं खरं बोलणं कागदावरच होतं. तर ऐक. तुझ्या धाकट्या मावसबहिणीला कॉलेजनं चोर ठरवलंय.

आमच्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सला शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःची मार्गदर्शिका लिहून द्यायची असते. रक्त कसं घ्यायचं, काचपट्टी कशी रंगवायची, नमुना कुठं बिघडतो, बिघडलेला कसा ओळखायचा, सगळं आपल्या शब्दांत. माझी तू वाचली आहेस. 'आमच्या डॉक्टरांनाही इतकं सुटसुटीत सांगता येत नाही,' असं तुझ्या लॅबमधून कळवलं होतंस आणि मी चार दिवस हवेत होते.

चोवीस जुलैला ती जमा केली. परवा मॅडमनी खोलीत बोलावलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. 'उघडी वही' नावाची एक साइट आहे, पोरं तिथं एकमेकांच्या नोट्स वाचतात. तिथं माझी मार्गदर्शिका! शब्द न् शब्द. टाकल्याची तारीख नऊ जून. टाकणारीचं नाव 'सुगरण'. दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवणारी कसली गं सुगरण! मॅडम म्हणाल्या, "नऊ जूनला हे इथं होतं. तू जुलैत दिलंस. मी काय समजू?"

मी म्हटलं, फाइलचा इतिहास बघा, कुठल्या दिवशी काय लिहिलं ते सगळं त्यात राहतं. तिथंच घोडं अडलं. माझ्याकडे लॅपटॉप नाही. फेब्रुवारीपासून रोज पाच ते सात होस्टेलच्या इस्त्रीच्या खोलीत (तिथंच एक धड टेबल आणि एक प्लग आहे) मी वहीतून सांगायचे आणि माझी रूममेट तिच्या लॅपटॉपवर उतरवायची. आम्ही तिला मुंगी म्हणतो. एवढीशी आहे आणि कधी थांबत नाही. फाइल तिच्या खात्यावर. इतिहासात सगळीकडे तिचं नाव. मी कुठंच नाही.

मुंगी दहा तारखेपर्यंत घरी गेलीय. फाइल आम्हा दोघींशिवाय फक्त 'वकिला'ला दिसते, चुका तपासायला दिली होती. वकील म्हणजे वर्गातला एक मुलगा, 'आज बुधवार' म्हटलं तरी वाद घालतो. दोघांतलं एक कुणीतरी, ताई.

बावीस सप्टेंबरला तिघांची समिती बसणार आहे. दोषी ठरले तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं, आणि गुणपत्रिकेवर 'नक्कल' असा शेरा. ज्याच्या आकड्यावर डॉक्टर औषध देतात त्याच्या कागदावर असला शेरा असेल, तर त्याला कोण दारात उभं करील? काय करू? तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझी,
भिंगरी

•

७ ऑगस्ट

लाडके भिंगरे,

पत्र लॅबच्या पत्त्यावर मिळालं. वाचलं आणि हातातली नळी तशीच धरून किती वेळ उभी होते, ते मदतनीस बाईंनी हाक मारली तेव्हा कळलं. आधी जेव. तू रागावलीस की जेवत नाहीस, मला माहीत आहे.

मला त्यातलं फारसं कळत नाही. त्या साइटवर खरं नाव सापडतं का गं? तुमची समिती साइटवाल्यांना विचारणार आहे का? सहज विचारते. ज्यानं कुणी टाकलं त्याला एवढं पुढचं कळलंही नसेल. माणूस गरजेपोटी एखादं बटण दाबतो, त्यात दरवेळी वाईट हेतू असतोच असं नाही. आणि त्या नावाला इतकं हसण्यासारखं काही नाही. बरं आहे नाव.

पण तू विचारलंस म्हणून सांगते. घराची किल्ली जिच्याकडे, तिलाच आधी विचारावं. मी कुणावर आळ घेत नाही हो. पण फाइल तिच्या खात्यावर, टाइप तिनं केलेलं. तिला वाटलंही असेल की अर्धी मेहनत माझीच आहे. माणसाच्या मनाचं काय सांगावं! तू भोळी आहेस, तिच्याकडे आधी मदत मागायला जाशील आणि ती सावध होईल. तसं करू नकोस. आल्या आल्या सरळ तोंडावर विचार. तोंडावरून कळतं.

माझी पदविकेची परीक्षा या महिन्याच्या सोळाला आहे. घरचं आवरून, लॅब सांभाळून जमेल तसा अभ्यास चाललाय. तुझ्या नोट्स उशाशी असतात. रिपोर्ट छापायला बसले आहे, म्हणून इथंच थांबते.

तुझीच,
ताई

•

२१ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं ऐकलं. विचारलं.

मुंगी दहाला संध्याकाळी आली. बॅग खोलीत टाकून इस्त्रीच्या खोलीत गेली, कारण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल आणि कोट चुरगळलेला. मी मागोमाग गेले. तिथं आणखी तिघी होत्या, पण माझ्या डोक्यात तुझं वाक्य. म्हटलं, "माझी मार्गदर्शिका साइटवर तू टाकलीस का?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं प्लग काढला, अर्धा इस्त्री झालेला कोट हातावर टाकला आणि म्हणाली, "फेब्रुवारीपासून मी तुझी टायपिस्ट आहे. चोर कधी झाले ते सांग, म्हणजे तारीख लिहून ठेवीन." मी म्हटलं, फाइल तुझ्याकडे आहे. ती म्हणाली, "होय. आणि मी येताना गाडीत तेच ठरवत होते की समितीला ती दाखवायची कशी." वकिलानं तिला आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. वकील निर्दोष असावा. चोर स्वतः होऊन दवंडी पिटत नाही.

त्याच संध्याकाळी ती गादी गुंडाळून वरच्या मजल्यावर गेली. मी फोनवर फाइल उघडायला गेले तर, 'आपल्याला ही फाइल पाहण्याची परवानगी नाही.' चार महिन्यांचं माझं लिहिणं आणि मलाच परवानगी नाही! त्या तिघींनी रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या होस्टेलला सांगितलं. आता मुंगी जेवायला आली की पोरी पाण्याचे जग सरकवून घेतात. हे मी करायला सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

तोंडावरून कळतं म्हणालीस. मला काही कळलं नाही गं. तिचं तोंड नुसतं दुखावल्यासारखं होतं. चोराचंही तसंच होत असेल का?

साइट मी पुन्हा पाहिली. फाइलची पहिली तीनच पानं दिसतात, बाकीची धुरकट. वर पाटी, 'एक द्या, दहा उघडा'. आपली एक फाइल टाकली की दुसऱ्यांच्या दहा वाचायला मिळतात. मी काही टाकणार नाही. माझंच लिहिणं वाचायला मी त्यांना आणखी काय देऊ? पण खालचे अभिप्राय उघडे असतात. सुगरणबाईंना चारशे बारा जणांनी धन्यवाद दिलेत! एका बाईनं लिहिलंय, वय झालं, आता जमेल का. त्यावर सुगरण म्हणते, 'घाबरू नका, मीही संसार सांभाळूनच शिकते आहे.' मुंगी कसला संसार सांभाळते, डोंबल! ओळखू येऊ नये म्हणून घेतलेलं सोंग. एवढी पोचलेली असेल असं वाटलं नव्हतं.

पण खरं सांगू? खोली रिकामी झालीय. संध्याकाळचे पाच वाजले की हात कुठं ठेवायचे ते सुचत नाही.

भिंगरी

•

२ सप्टेंबर

लाडके भिंगरे,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आधी गोड बातमी. मी पास झाले! पहिल्या वर्गात! डॉक्टरांनी लॅबची सगळी जबाबदारी माझ्यावर सोपवलीय. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव येणार. घरी सासऱ्यांनी निकाल दोनदा वाचला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. एरवी 'अगं ए' नाहीतर 'ऐकलंस का'. मी मोरीत जाऊन रडले. तुझ्या नोट्स नसत्या तर हे झालं नसतं, हे मी कुणासमोरही सांगेन.

तुझ्या मुंगीचं वाचून वाईट वाटलं. पण झालं ते बरंच झालं म्हण, माणूस कळलं. आता तिच्या मागं लागू नकोस, आणि साइटवरही सारखी जाऊ नकोस. जखमेची खपली काढत बसलं की ती भरत नाही.

मी एक सुचवू? फार विचार करून लिहितेय. समितीसमोर भांडू नकोस. मोठ्या लोकांना ताठ मान आवडत नाही. 'चुकून वापरलं, पुन्हा होणार नाही' म्हण आणि हात जोड. लहान मुलीवर दया दाखवतील. आणि नाहीच दाखवली तर एक वर्ष! एक वर्षानं आभाळ कोसळत नाही गं. माझी नऊ गेली. कुणी समिती नेमली नाही, कुणी विचारलंही नाही कुठं गेली म्हणून. तुला अजून सगळं करायचंय, तुझ्यापाशी वेळ आहे. माझ्यासारख्या बाईला दार एकदाच उघडतं.

हे लिहिलं ते तुला लागेल, पण मोठ्या बहिणीनं सांगायचं नाही तर कुणी?

तुझीच,
ताई

•

११ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी अभिनंदनाचं कार्ड आणायला निघाले होते. ते आणलं. टेबलावर आहे. कोरं आहे.

समितीच्या नियमाप्रमाणे सुनावणीच्या आधी दहा दिवस आरोपीला सगळे कागद द्यावे लागतात. काल मॅडमनी मला साइटवरची अख्खी फाइल छापून दिली. बेचाळीस पानं. तोवर मी पहिली तीनच पाहिली होती. रात्रीपर्यंत कशाला थांबू, तिथंच जिन्यात बसून वाचायला घेतली.

चौदाव्या पानावर पांढऱ्या पेशींचा तक्ता आहे. न्यूट्रोफिल सगळ्यांत जास्त, मग लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. हा क्रम पोरांना पाठ होत नाही म्हणून मी पहिल्या अक्षरांचं एक वाक्य केलं होतं. 'नको लाजू, मामा इथंच बसलेत.' मुंगी ते टाइप करताना इतकी हसली होती की इस्त्री तापत राहून माझी ओढणी पिवळी झाली. मुंगीच्या फाइलमध्ये मामा आहेत. वकिलानं पाहिली त्यातही मामा. मी कॉलेजात जमा केली तीतही मामा.

साइटवर लिहिलंय, 'नको लाजू, मावशी इथंच बसलीय.'

ते वाक्य मी जगात एकाच ठिकाणी लिहिलं, ताई. मे महिन्यात तुला पाकिटातून पेन ड्राइव्ह पाठवला त्यात. मुद्दाम बदललं होतं. सापळा नव्हता तो. तुझी आई, माझी मावशी, आपल्या दोघींना अभ्यासाला बसवून समोर विणत बसायची आणि आपण डोळा चुकवून उठलो की न बघता म्हणायची, 'बसा.' तू ते वाचून हसशील म्हणून मी मामांना उठवून तिथं मावशी बसवली होती.

आधी म्हटलं, तुझा पेन ड्राइव्ह कुणी चोरला असेल. लॅबमधल्या कुणीतरी. मग तुझी पत्रं काढून वाचली. 'त्या साइटवर खरं नाव सापडतं का गं.' 'बरं आहे नाव.' आणि साइटवरचं ते 'संसार सांभाळूनच'. सगळं समोर होतं आणि मी आंधळी तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडत होते.

नोट्स टाकल्यास त्याचं मला आज वाईटही वाटत नाही. मागितल्या असत्यास तर मीच टाकून दिल्या असत्या. पण तू मला मुंगीच्या अंगावर सोडलंस. चोर तू, आणि फाशी दिली मी, तिला! नंतर मलाच सांगितलंस, गुन्हा कबूल कर, हात जोड. तुझा गुन्हा, आणि हात माझे! केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आजवर नुसतं ऐकलं होतं.

आज सकाळी वरच्या मजल्यावर गेले. मुंगीनं दार उघडलं. मी म्हटलं, चुकले, तू नव्हतीस. ती म्हणाली, "मला माहीत होतं मी नव्हते." आणि दार लावून घेतलं. जेवणाच्या वेळी मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की मुंगीनं काही केलेलं नाही. पोरींनी पाण्याचे जग पुन्हा मधे ठेवले. ती जेवायला आली नव्हती.

तुझं नाव मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बावीसला दुपारी चारला समिती आहे. मेमधल्या पाकिटातली माझी चिठ्ठी तुझ्याकडे आहे, तारखेसकट. तुझं एक खरं पत्र त्यांच्याकडे आलं तर माझं वर्ष वाचेल. मला दुसरं काही नको.

भिंगरी

•

१६ सप्टेंबर

माझ्या भिंगरे,

काय तोंडानं लिहू? चार कागद फाडले.

होय, मीच. कसं झालं ते सांगते, मग काय म्हणायचं ते म्हण. बाहेरून परीक्षा देणाऱ्याला ना वर्ग, ना शिक्षक. 'उघडी वही'वर मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, उत्तरांसकट. एक दिल्याशिवाय उघडेनात. आणि माझ्याकडे द्यायला काय होतं? नऊ वर्षांत मी वाणसामानाच्या यादीपलीकडे दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. तुझा पेन ड्राइव्ह खणात होता. दुपारी रिपोर्ट छापून झाले, लॅबच्या संगणकाला लावला. साइटनं विचारलं, 'हे तुमचं स्वतःचं आहे का?' 'नाही' म्हटलं की पान पुढंच जाईना. म्हणून 'हो' म्हटलं. एवढंच. एक बोट.

दुसऱ्या दिवशी सात जणांनी धन्यवाद दिले होते. भिंगरे, मी घरात दिवसभर राबते. तिथं कुणी भाजी संपली तरच बोलतं. आणि इथं परकी माणसं लिहितात, 'तुमच्यामुळे समजलं', 'तुम्ही शिकवायला हवं होतं'. मी रोज दुपारी ते वाचायचे. हळूहळू मला ते खरंच वाटायला लागलं. परीक्षेला स्वाध्याय द्यायचा होता, तोही मी त्याच पानांचा दिला, माझ्या नावानं. तोवर मला वाटेनासंच झालं होतं की ते तुझं आहे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. मुंगीचं का लिहिलं ते मला उमगत नाही. नाही, उमगतं. भ्याले. ती कोण कुठली, मला माहीत नव्हती. तिला लागलं तर मला दिसणार नव्हतं.

पण तूही एक ऐक. त्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'ताई, सगळं तयार आहे, तू फक्त पाठ कर.' तुला मी लिहायला शिकवलं गं. पाटीवर हात धरून. त्या एका ओळीनं माझं काय झालं ते तुला कळणार नाही. असो. आपलेच दात, आपलेच ओठ.

तू म्हणालीस तसं समितीला पत्र टाकलंय, रजिस्टर्ड. काळजी करू नकोस. मी नीट विचार करून दोघींचंही भागेल असं लिहिलंय. तुझं वर्ष वाचेल आणि माझंही सगळं राहील. विचारतील तेव्हा तू फक्त 'हो' म्हण. एवढं केलंस की सगळं पूर्वीसारखं होईल. मी ताई आहे ना तुझी.

तुझीच,
ताई

•

२४ सप्टेंबर

ताईस,

समिती झाली. तुला सगळं सांगते, कारण माझ्याकडूनच कळायला हवं.

खोलीबाहेरच्या बाकावर मी एका टोकाला, मुंगी दुसऱ्या टोकाला. फाइलची मालक म्हणून तिला समितीनंच बोलावलं होतं. मांडीवर लॅपटॉप, नजर समोरच्या भिंतीवर. पाऊण तास बसलो.

आधी मला एकटीला आत घेतलं. मॅडमनी तुझं पत्र वाचून दाखवलं. 'सदर मार्गदर्शिका मी माझ्या अनेक वर्षांच्या कामाच्या अनुभवावरून लिहिली असून, माझ्या धाकट्या बहिणीस ती वापरण्याची मी आनंदाने परवानगी दिली होती. तिच्याकडून माझे नाव घालायचे राहून गेले. ती लहान आहे. कृपया तिला क्षमा करावी.' खाली सही, आणि सहीखाली तुझी नवी पदविका, संस्थेच्या नावासकट. अक्षर किती सुंदर आहे गं तुझं अजून.

समितीच्या प्रमुखांचा चेहरा एकदम हलका झाला. वयस्कर आहेत, त्यांना कुणाचं वर्ष घालवायची हौस नाही. म्हणाले, "म्हणजे घरचीच गोष्ट. मिटलं! पंधरा दिवसांत दुसरी, छोटीशी मार्गदर्शिका लिहून दे आणि परीक्षेला बस. शेरा नाही, काही नाही. हे बरोबर आहे ना?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. तू खरंच नीट विचार केला होतास. तुझी पदविका राहत होती, दारावरचं तुझं नाव राहत होतं, माझं वर्ष राहत होतं. जात होती ती फक्त बेचाळीस पानं. आणि फेब्रुवारी ते मे. आणि माझ्यावर दया दाखवत 'तिला क्षमा करा' म्हणणारी तू.

मी क्षणभर तोंड उघडलंही, 'हो'साठीच. खोटं कशाला सांगू? मला परीक्षेला बसायचं होतं. पण मग वाटलं, यांनी बाहेर मुंगीला बोलावून ठेवलंय. तिला काय सांगतील? तू जे उतरवलंस ते तिच्या बहिणीचं होतं, जा?

मी म्हटलं, "नाही. हे माझं आहे."

प्रमुख वैतागले. मॅडम म्हणाल्या, अगं, विचार करून बोल. मी म्हटलं, बाहेर बसलेल्या मुलीला विचारा, आणि ती जे म्हणेल ते मला मान्य. ती काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं, ताई. तिच्या जागी मी असते तर मी काय म्हणाले असते, तेही माहीत नाही.

मुंगीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि एकेक तारीख उघडून दाखवली. तेवीस फेब्रुवारी, दीड पान. चोवीसला काही नाही, त्या दिवशी वीज गेली होती. तिनं ते खोडलेले शब्दसुद्धा दाखवले, मी सांगायचे आणि मग म्हणायचे, छे, पुसून टाक. वीस-पंचवीस मिनिटं दाखवत होती. शेवटी म्हणाली, "बोलणं हिचं. मी फक्त बटणं दाबली. हिचा माझा आता काही संबंध नाही, पण हे हिचं आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर आल्यावरही थांबली नाही. मी पायऱ्यांपर्यंत मागं धावले. ती म्हणाली, "खरं होतं म्हणून सांगितलं. तुझ्यासाठी नाही."

मी परीक्षेला बसते आहे. तीच मार्गदर्शिका, जशीच्या तशी.

पण तुझं पत्र आता त्यांच्याकडे आहे, ताई. सहीसकट. त्यात तू खोटं लिहिलंस हे त्यांना दिसलंय. प्रमुख म्हणाले, ज्या संस्थेनं या बाईंना पदविका दिली तिला कळवणं आम्हाला भाग आहे. मी म्हटलं, कळवू नका. ते म्हणाले, ही बाई उद्या कुणाच्या तरी रक्ताच्या अहवालावर सही करणार आहे, असल्या कागदावर सही करू शकते तर त्यावरही करील. तू खरं लिहिलं असतंस तर मी तुझ्यासाठी भांडले असते. तुझी गरज, तुझी नऊ वर्षं, चारशे बारा धन्यवाद, सगळं सांगितलं असतं. पण तू मला भांडायला काही ठेवलंच नाहीस.

मग त्यांनी विचारलं, "या तुझ्या कोण?" मी म्हटलं, मावसबहीण. सख्खी नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सख्ख्यापेक्षा जास्त. त्यांनी ते लिहून घेतलं.

संस्थेचं पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर जाईल, लॅबच्या नाही. त्यांच्या नोंदीत तोच आहे, मी विचारलं. आठ-दहा दिवसांत येईल म्हणाले. सासऱ्यांच्या हातात पडायला नको. तुमच्याकडे पोस्टमन अकराच्या सुमारास येतो. तेवढे दिवस लॅबला उशिरा जा आणि दारात तूच उभी राहा.

भिंगरी